इंजिनाचा ठोका आणि पेट्रोलमधले शिसे

१९८०च्या दशकात ज्यांनी प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडरमधून खंडाळ्याचा घाट चढला असेल, त्यांना एक आवाज नक्की आठवेल. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली. चढ लागला आहे, चालक वरच्या गिअरमध्येच नेट लावतो आहे, आणि बॉनेटखालून टिक्-टिक्-टिक् असा, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू होतो. अनुभवी चालक लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलतो, एक गिअर खाली घेतो, आणि आवाज थांबतो. नवखा चालक मात्र पाय आणखी दाबतो, आवाज वाढतो आणि गाडीचा दम निघून जातो. गॅरेजात या आवाजाला ‘नॉकिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘ठोका’ म्हणू.

मोटारीच्या अनेक तक्रारींपैकी ही एक साधी तक्रार. पण या ठोक्याचा इतिहास साधा नाही. तो नेमका कशामुळे होतो हे शोधायला कित्येक वर्षे लागली. त्यावर सापडलेला उपाय इंजिनाला मानवला, पण त्याची किंमत जगभरच्या मुलांनी मोजली. दोष ओळखणे, दोषाचे कारण समजणे आणि दोषाची खूण बंद करणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. म्हणून तो आपल्या वर्गांपर्यंत पोचावा असे आम्हाला वाटते.

ठोका म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण येते. दट्ट्या वर येताना ते दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडते. आपण सहज म्हणतो की ‘आत स्फोट होतो’, पण सुरळीत चालणाऱ्या इंजिनात स्फोट होत नाही. ठिणगीपासून निघालेली ज्योत, गवताला लागलेल्या वणव्यासारखी, सिलिंडरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. तिचा वेग सेकंदाला वीस-तीस मीटरच्या आसपास असतो. दाब क्रमाने वाढतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो.

आता ज्योत जिथे अजून पोचलेली नाही, त्या शेवटच्या कोपऱ्यातील मिश्रणाचा विचार करा. दट्ट्याने ते आधीच दाबलेले असते. जळलेला वायू प्रसरण पावून त्याला आणखी दाबतो, त्यामुळे ते भयंकर तापते. ज्योत पोचण्याआधीच ते सहन होण्यापलीकडे तापले, तर सगळेच्या सगळे एकदम पेटते. दाबाची लाट उठते, सिलिंडरच्या भिंतींवर आपटून मागेपुढे फिरते आणि सिलिंडर घंटेसारखा वाजतो. साधारण ८ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये या कंपनांची वारंवारता सेकंदाला सहा ते सात हजार असते. तोच आपल्याला ऐकू येणारा टिक्-टिक् आवाज. ठोका दीर्घकाळ चालू राहिला तर दट्ट्याचा माथा आणि सिलिंडर हेडची गॅस्केट खराब होतात.

हा ठोका इतर आवाजांपासून वेगळा कसा ओळखायचा? तो भाराबरोबर येतो. चढावर, कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये, पाय दाबल्यावर तो सुरू होतो आणि पाय उचलताच जातो. टॅपेटचा आवाज भारावर अवलंबून नसतो. तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो आणि गाडी उभी असतानाही ऐकू येतो. बेअरिंग झिजल्याचा आवाज जड, खोल, ‘ठक्-ठक्’ असा असतो आणि तो ऐकताच इंजिन बंद करावे. एस.टी.ची डिझेल बस जो खडखडाट करते तो तर निराळाच प्रकार. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे इंधन आपोआप आणि लवकर पेटणेच अपेक्षित असते, आणि त्याला उशीर झाला की आवाज वाढतो. म्हणजे पेट्रोलमध्ये जो दुर्गुण, तो डिझेलमध्ये गुण!

ठोक्याने अडवलेली वाट

ठोका हा केवळ कानाला खटकणारा आवाज असता तर त्यावर एवढे संशोधन झाले नसते. इंजिनात मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते. हे विद्यार्थ्यांना गणिताने दाखवता येईल. मिश्रणाचे आकारमान दाबून किती पटीने कमी केले त्या संख्येला संपीडन गुणोत्तर म्हणतात. ते r असेल तर आदर्श इंजिनाची कार्यक्षमता १ − (१/r)^०.४ या सूत्राने मिळते. r = ४ घेतल्यास उत्तर सुमारे ४३ टक्के येते, r = १० घेतल्यास सुमारे ६० टक्के. प्रत्यक्षातील इंजिने यापेक्षा बरीच कमी कार्यक्षम असतात, पण कल हाच असतो.

फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीचे (१९०८) संपीडन गुणोत्तर चाराच्या आसपासच होते. ते वाढवायला गेले की ठोका सुरू होई. त्या गाडीत सुकाणूच्या चाकाखाली डावीकडे एक लहान दांडी असे. तिने ठिणगीची वेळ मागेपुढे करता येई. चढावर इंजिन कुरकुरू लागले की चालक दांडी सरकवून ठिणगी जरा उशिरा पाडी, आणि ठोका थांबे. त्या काळी ठोका ओळखणारे यंत्र म्हणजे चालकाचा कान आणि तो थांबवणारे यंत्र म्हणजे त्याचा हात.

चुकीचे कारण, बरोबर निरीक्षण

अमेरिकेतील डेटन, ओहायो येथे चार्ल्स केटरिंग हा संशोधक अभियंता होता. बॅटरीवर चालणारी प्रज्वलन व्यवस्था आणि १९१२च्या कॅडिलॅक गाडीतला विजेवर चालणारा स्टार्टर ही त्याची कामगिरी. कॅडिलॅकचे इंजिन ठोके देऊ लागले तेव्हा दोष त्याच्या बॅटरी प्रज्वलनाला दिला गेला. त्याच सुमारास त्याच्या कंपनीचे शेतघरांसाठीचे वीजनिर्मिती संच रॉकेलवर चालवले जात आणि तेही ठोके देत. प्रज्वलन व्यवस्थेचा दोष आहे की इंधनाचा, हे ठरवणे भाग होते. १९१६ मध्ये केटरिंगने हे काम टॉमस मिजली या तरुण यंत्र अभियंत्याकडे सोपवले. मिजलीचे शिक्षण रसायनशास्त्रातले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या वेळी बहुतेकांचे मत असे होते की मिश्रण ठिणगी पडण्याआधीच पेटते आणि त्यामुळे ठोका होतो. मिजलीने सिलिंडरमधील दाबाची नोंद करण्यासाठी आरशावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशकिरणाचा उपयोग केला. दाब वाढला की आरसा किंचित फिरे आणि किरण प्रकाशसंवेदी फितीवर रेघ काढी. या रेघेवरून दिसले की दाबाची एकाएकी होणारी वाढ ठिणगीच्या आधी नव्हे, तर ठिणगीनंतर, ज्वलन संपत आले असताना होते. निदानाच्या दृष्टीने ही फार मोठी पायरी होती. दोष ठिणगीत नव्हता, तर शेवटी उरलेल्या मिश्रणाच्या वागण्यात होता.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो स्वतंत्रपणे याच निष्कर्षाकडे येत होता. बोर्निओतील खनिज तेलापासून मिळणारे पेट्रोल इतर पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक दाब सहन करते असे त्याला आढळले. त्यात बेंझिनच्या कुळातील संयुगे भरपूर होती. १९१९ मध्ये त्याने असे इंजिन बांधले की ज्याचे संपीडन गुणोत्तर चालू असतानाच बदलता येई. एकेक इंधन घालायचे, गुणोत्तर वाढवत न्यायचे आणि ठोका सुरू होईल ती मर्यादा नोंदवायची. टिझार्ड व पाय या सहकाऱ्यांसह त्याने अनेक इंधनांची अशी परीक्षा घेतली. ठोका हा मुख्यतः इंधनाच्या रेणूंच्या रचनेवर अवलंबून असतो, हे यातून पक्के झाले.

लाल रंगाची कल्पना

इकडे डेटनमध्ये केटरिंग आणि मिजली यांना एक रानफूल आठवले. ट्रेलिंग आरब्यूटस नावाच्या या वनस्पतीच्या पानांची मागची बाजू लालसर असते आणि ती बर्फ वितळण्याआधीच फुलते. लाल रंग उष्णता शोषतो म्हणून असे होत असेल, असा त्यांनी तर्क केला. मग रॉकेल लाल रंगवले तर ते उष्णता शोषून लवकर वाफ होईल आणि ठोका थांबेल! मिजली तेलात विरघळणारा लाल रंग शोधायला निघाला. तो मिळाला नाही, म्हणून त्याने आयोडीन घातले. रॉकेल लाल झाले आणि ठोका खरोखरच थांबला.

इथे एखादा थांबला असता आणि आपला सिद्धांत सिद्ध झाला असे समजला असता. मिजलीने पुढची परीक्षा घेतली. त्याने दुसरे लाल रंग घालून पाहिले, ठोका तसाच राहिला. मग रंगहीन असलेले एथिल आयोडाइड घातले, तर ठोका थांबला. म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता, संबंध आयोडीनचा होता. चुकीच्या तर्कातून निघालेला प्रयोग यशस्वी झाला तरी तर्क बरोबर ठरत नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आयोडीन महाग होते आणि धातू खात होते. १९१९ मध्ये ॲनिलीन उपयोगी ठरले, पण त्याचा धूर घाण वास मारी. मग सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगे आली. टेल्युरियमचा लसणासारखा वास कपड्यांना आणि अंगाला इतका चिकटे की संशोधकांना माणसांत मिसळणे कठीण झाले. अखेर मूलद्रव्यांची आवर्त सारणी समोर ठेवून, कोणत्या गटात व आवर्तात परिणाम वाढत जातो हे पाहत त्यांनी पद्धतशीर शोध घेतला. तो कल सारणीच्या खालच्या भागातील जड मूलद्रव्यांकडे बोट दाखवत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाची परीक्षा झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीत प्रथम तयार झालेले हे द्रव्य तोवर कोणाच्या उपयोगाचे नव्हते. पेट्रोलमध्ये हजारात एक भागापेक्षाही कमी घातले तरी ते ठोका थांबवत होते.

ते असे करते तरी कसे? तापलेल्या मिश्रणात त्याचे विघटन होऊन शिशाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मिश्रण आपोआप पेटण्याआधी त्यात साखळी अभिक्रिया चालू होतात. हे कण त्यांतील क्रियाशील रेणूखंड टिपून घेतात आणि साखळी तोडतात. शेवटच्या कोपऱ्यातले मिश्रण मग ज्योत येईपर्यंत धीर धरते.

पण शिशाची राख प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचू लागली. त्यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे संयुग घालण्यात आले. त्यामुळे शिशाचे ब्रोमाइड होऊन ते वायुरूपात धुरांड्यावाटे बाहेर पडे. इंजिन स्वच्छ राहिले. बाहेर पडलेले शिसे पुढे कुठे जाते, हा प्रश्न इंजिनाच्या अभ्यासात बसत नव्हता.

फुलपाखरांचे घर

शिसे विषारी आहे हे १९२१ मध्ये नव्याने कळायचे नव्हते. रंगारी, कुंभार आणि छापखान्यातील कामगार यांना होणारी शिसेबाधा डॉक्टरांना चांगली ठाऊक होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे हे पेट्रोल ‘एथिल’ या नावाने विक्रीस आले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. त्याच सुमारास स्वतः मिजली शिसेबाधेतून बरे होण्यासाठी विश्रांती घेत होता.

टेट्राएथिल लेड त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते आणि मेंदूवर परिणाम करते. ते बनवणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांना हवेत किडे उडताना दिसत, म्हणून त्या इमारतीला ‘फुलपाखरांचे घर’ असे नाव पडले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेवे तेलशुद्धीकरण कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले आणि कितीतरी आजारी पडले. ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांसमोर या द्रवाने हात धुऊन दाखवले आणि मिनिटभर त्याचा वास घेतला. द्रव्य निर्धोक असल्याचे त्याला दाखवायचे होते. प्रयोगशाळेत आयोडीनच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा माणूस असा पुरावा पुरेसा मानतो, याचे आश्चर्य वाटते. शिसे शरीरात हळूहळू साचते. मिनिटभराच्या प्रयोगाने त्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टनला सभा बोलावली. औद्योगिक रोगांच्या तज्ज्ञ ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ यांडेल हेंडरसन यांनी विरोध केला. त्यांना चिंता केवळ कारखान्यातील कामगारांची नव्हती. रस्त्यारस्त्यावर थोडे थोडे पडणारे शिसे इतके सावकाश साचेल की लोकांना कळेपर्यंत फार उशीर झालेला असेल, असे हेंडरसन यांचे म्हणणे होते. विक्री काही महिने थांबली आणि एक समिती नेमली गेली. तिने डेटन आणि सिनसिनाटी येथील २५२ जणांची, मुख्यतः चालक व गॅरेज कामगार यांची, तपासणी केली. जानेवारी १९२६ मध्ये तिने निष्कर्ष दिला की बंदी घालण्यास पुरेसे कारण आढळत नाही. परंतु वापर वाढेल तेव्हा परिस्थिती बदलू शकेल, म्हणून सरकारी खर्चाने अभ्यास चालू ठेवावा, असेही तिने बजावले. यातला पहिला भाग अमलात आला, दुसरा नाही. पुढची सुमारे चाळीस वर्षे या विषयावरचे बहुतेक संशोधन त्याच उद्योगाच्या पैशावर झाले.

दुसरा उपाय नव्हताच का? होता. अल्कोहोलने आणि बेंझिनने ठोका थांबतो हे मिजली, केटरिंग आणि रिकार्डो तिघांनाही ठाऊक होते. पण ते पेट्रोलमध्ये शेकड्याने मिसळावे लागे. शिशाचे थेंब पुरत आणि त्यावर पेटंट मिळत होते.

१९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रॅहम एडगर यांनी इंधनांची तुलना करण्यासाठी एक मोजपट्टी सुचवली. सहज ठोका देणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि ठोक्याला दाद न देणाऱ्या आयसोऑक्टेनला शंभर. हाच पेट्रोल पंपावर आपण ऐकतो तो ऑक्टेन आकडा. एखादे इंधन ९१ ऑक्टेनचे आहे म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतके ते ठोक्याला विरोध करते. ऑक्टेन आकडा अधिक म्हणजे पेट्रोलमध्ये शक्ती अधिक, हा समज चुकीचा आहे.

दगडाचे वय आणि दुधाचे दात

शिशाचा माग दुसऱ्याच कामात असलेल्या एका शास्त्रज्ञाने काढला. कॅलिफोर्नियातील भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन अशनीतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढत होते. १९५६ मध्ये त्यांनी ते सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. ते मोजताना त्यांना सतत एक अडचण येई. बाहेरचे शिसे नमुन्यात शिरे. ते हवेत होते, धुळीत होते, पाण्यात आणि कातडीवर होते. त्यांनी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली, पण इतके शिसे येते कुठून हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९६५ मध्ये त्यांनी मांडले की आपल्या शरीरातील शिशाची ‘नेहमीची’ पातळी ही नैसर्गिक पातळी नव्हेच. १९६९ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांवरून त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवले की प्राचीन काळापासून बर्फातील शिसे शेकडो पटींनी वाढले आहे आणि त्यातील मोठी वाढ १९४० नंतरची आहे.

या इतिहासातला पुढचा भाग शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते आणि हाडांत व दातांत साठते. बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतील शिसे मोजले. मुलांच्या शिक्षकांना त्यांनी साध्या प्रश्नांची यादी दिली. मूल लक्ष देते का, सूचना पाळते का, हाती घेतलेले काम पुरे करते का? दातांत किती शिसे आहे हे शिक्षकांना माहीत नव्हते. दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल शिक्षकांनी दिलेली उत्तरे दातांतील शिशाशी ताडून पाहिली, तेव्हा शिसे जितके अधिक तितक्या शिक्षकांच्या तक्रारी अधिक, असा क्रम दिसला. बुद्धिमापन चाचण्यांतही फरक आढळला. या मुलांना शिसेबाधेची कोणतीही उघड लक्षणे नव्हती. हे संशोधन १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. इंजिनातला ठोका थांबला होता, पण त्याची खूण आता वर्गातल्या बाकावर उमटत होती, आणि ती शिक्षकांच्या नजरेने टिपली होती.

अमेरिकेत शिसे काढण्याची सुरुवात मात्र वेगळ्या कारणाने झाली. धुरातील इतर विषारी वायू कमी करण्यासाठी १९७५च्या मोटारींत उत्प्रेरक परिवर्तक बसवण्यात आला. त्यातील प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की तो निकामी होई. पेट्रोलमधील शिसे कमी होऊ लागले, आणि १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे जवळजवळ त्याच चालीने ३७ टक्क्यांनी घटले. १९९६ मध्ये तेथे रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली.

आपल्याकडे काय झाले?

भारतात १९९४ पूर्वीच्या पेट्रोलमध्ये लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असे. वर्गात एक हिशेब करून पाहता येईल. एक मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १० किलोमीटर जाते असे धरू. तिला १,२०० लिटर पेट्रोल लागेल आणि त्यात ६७२ ग्रॅम शिसे असेल. त्यातला सुमारे पाऊण भाग धुरातून बाहेर पडतो, म्हणजे एका गाडीमागे वर्षाला अर्धा किलो शिसे! तेही रस्त्यालगतच्या धुळीत, म्हणजे लहान मुलांच्या हातांच्या उंचीवर.

१९९४ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे कमी शिशाचे पेट्रोल आले. एप्रिल १९९५ पासून या चार महानगरांत परिवर्तक असलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगात शेवटपर्यंत शिसेयुक्त पेट्रोल विकणाऱ्या अल्जीरियाने जुलै २०२१ मध्ये ते थांबवले. पहिली विक्री १९२३ मध्ये, शेवटची २०२१ मध्ये, म्हणजे अठ्ठ्याण्णव वर्षे.

शिसे काढल्यावर ठोका परत का आला नाही? एकतर तेलशुद्धीकरण कारखान्यांत रेणूंचीच रचना बदलून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल करता येऊ लागले. भारत स्टेज सहाच्या मानकात आपल्याकडील साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा किमान ९१ असावा असे ठरवण्यात आले. दुसरे म्हणजे इंजिनावर आता एक लहान संवेदक बसवलेला असतो. त्यातील स्फटिक कंप पावला की विद्युतदाब निर्माण करतो. ठोक्याची ठराविक वारंवारता त्यात दिसताच संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. मॉडेल टीच्या चालकाचा कान आणि हात, दोन्ही आता इंजिनावरच बसले आहेत.

यामुळे चालकाने ओळखायच्या खुणाही बदलल्या आहेत. नव्या गाडीत ठोका सहसा ऐकू येत नाही. इंधन हलके असेल, सिलिंडरमध्ये काजळी साचली असेल किंवा इंजिन जास्त तापत असेल, तर संगणक गुपचूप ठिणगी मागे घेत राहतो. आपल्याला एवढेच जाणवते की गाडी पूर्वीसारखी ओढत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. असे झाले, किंवा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर दिवा कसा घालवायचा हे विचारण्याऐवजी तो कशामुळे लागला हे मेकॅनिकला विचारावे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे, आणि चढावर गिअर वेळेवर खाली घ्यावा. ही जुन्या चालकांची सवय आजही तितकीच योग्य आहे.

आणि मिजलीला ठाऊक असलेले अल्कोहोल शंभर वर्षांनी परत आले आहे. महाराष्ट्रातील साखर कारखाने बनवतात ते इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आणि त्यानंतर हे प्रमाण आणखी वाढले. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा शंभरावर आहे, त्यामुळे ठोक्याच्या दृष्टीने ते उत्तमच. पण लिटरमागे त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, ते पाणी शोषून घेते, जुन्या गाड्यांतील रबरी भागांना ते सोसेलच असे नाही, आणि ज्या उसापासून ते येते त्याला पाणी फार लागते. इथेनॉल शिशासारखे विष नाही. तरीही हे प्रश्न आज विचारायला हवेत, आणि त्यांचा अभ्यास इंधन विकणाऱ्यांवर सोडता कामा नये, एवढे १९२६च्या समितीच्या अनुभवावरून कळते.

विद्यार्थ्यांना या इतिहासातून एक कामही देता येईल. घरातले, शेतावरचे किंवा रस्त्यावरचे एखादे यंत्र निवडावे आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहावी. दोषाची खूण कोणती? तिचे कारण कशावरून ठरवले? उपायाने कारण दूर झाले की फक्त खूण बंद झाली? आणि उपायातून जे बाहेर पडले ते शेवटी कुठे जाऊन बसले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे गॅरेजात मिळतील. चौथ्यासाठी मुलांना गॅरेजाबाहेर पडावे लागेल.